शाश्वत विकास ध्येये आणि आंतरराष्ट्रीय सहकार्य: इंदूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरमधील मराठी विद्यार्थी, निवृत्त शिक्षक, लहान उद्योजक आणि वॉर्डातल्या कामांवर लक्ष ठेवणारे नागरिक या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे उत्तरांसह दिले आहेत. हा विषय दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा आहे आणि आपला त्याच्याशी संबंध नाही, असे अनेकांना वाटते. इंदूरच्या नळाचे पाणी, येथील मेट्रो, येथे जन्मलेली कंपोस्ट खताची पद्धत आणि शहरातून वाहणारी कान्ह नदी या सर्वांचा या सहकार्याशी थेट संबंध आहे, म्हणून उत्तरांमध्ये आपल्या शहराची उदाहरणे मुद्दाम घेतली आहेत.

शाश्वत विकास ध्येये म्हणजे काय आणि ती कोणी ठरवली?

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २५ सप्टेंबर २०१५ रोजी, १९३ सदस्य देशांच्या सहमतीने, १७ ध्येये आणि त्यांखालील १६९ लक्ष्ये स्वीकारली. १ जानेवारी २०१६ पासून ती लागू झाली आणि त्यांची मुदत २०३० पर्यंत आहे. गरिबी, भूक, आरोग्य, शिक्षण, स्त्री-पुरुष समानता, पाणी, ऊर्जा, रोजगार, विषमता, शहरे, हवामान, सागर, जंगल आणि न्याय असे विषय त्यांत येतात. सतरावे ध्येय मात्र निराळे आहे. पहिली सोळा ध्येये कशी गाठायची, म्हणजे पैसा, तंत्रज्ञान, व्यापार आणि आकडेवारी या बाबतींत देशांनी एकमेकांशी कसे वागायचे, हे त्यात सांगितले आहे.

ही ध्येये श्रीमंत देशांनी लिहून आपल्यावर लादली, असा समज बराच पसरलेला आहे, पण तो बरोबर नाही. २०१२ च्या रिओ परिषदेच्या आधी कोलंबिया आणि ग्वातेमाला या दोन देशांनी ही कल्पना पुढे रेटली. नंतर मसुदा तयार करण्यासाठी जो खुला कार्यगट नेमला गेला, त्यात जागा तीसच होत्या आणि इच्छुक देश त्याहून पुष्कळ अधिक होते, त्यामुळे बहुतेक जागा दोन-तीन देशांनी मिळून वाटून घेतल्या. भारत, पाकिस्तान आणि श्रीलंका हे तीन देश अशाच एका सामायिक जागेवर होते. आजच्या तणावाच्या वातावरणात ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

यापूर्वीही अशी ध्येये होती ना? मग नवीन काय?

२००० सालच्या जाहीरनाम्यातून सहस्रक विकास ध्येये निघाली होती. ती आठ होती आणि २०१५ पर्यंत गाठायची होती. त्यांचा रोख मुख्यतः गरीब देशांवर होता, म्हणजे श्रीमंत देश पैसा देणार आणि गरीब देश प्रगती दाखवणार, अशी विभागणी होती. २०१५ ची ध्येये सर्वच देशांना लागू आहेत. जर्मनीने आपला वस्तूंचा वापर आणि उत्सर्जन कमी करणे, अमेरिकेने आपल्या देशातील विषमता कमी करणे आणि भारताने कुपोषण हटवणे, या तिन्ही गोष्टी आता एकाच आराखड्यात बसतात. हा बदल माझ्या मते सर्वांत मोलाचा आहे, कारण त्यामुळे श्रीमंत देशांनाही प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला मिळाला.

ही ध्येये कायद्याने बंधनकारक आहेत का?

नाहीत. ध्येय चुकले म्हणून कोणत्याही देशाला दंड होत नाही आणि कोणत्याही न्यायालयात दाद मागता येत नाही. दर वर्षी जुलैमध्ये न्यूयॉर्क येथे उच्चस्तरीय राजकीय मंचाची बैठक भरते आणि तेथे देश स्वेच्छेने आपला आढावा मांडतात. भारताने तो २०१७, २०२० आणि २०२५ मध्ये मांडला. आढाव्यात काय लिहायचे हे त्या देशाचे सरकारच ठरवते, ही या व्यवस्थेची मोठी उणीव आहे.

बंधन नसेल, तर देश एकमेकांशी खरोखर सहकार्य करतात का?

काही बाबतींत सहकार्य पूर्ण यशस्वी झालेले आहे. ते कशामुळे झाले हे समजून घेणे हाच या प्रश्नाचा गाभा आहे, म्हणून हे उत्तर थोडे लांबणार आहे.

देवी या रोगाचे उदाहरण घ्या. शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या एकाच मोहिमेत काम केले. भारतातील शेवटचा स्थानिक रुग्ण १९७५ मध्ये आढळला आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली. ज्यांच्या घरात आजी-आजोबांच्या पिढीतील कोणाच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते, त्यांना या कामाचे मोल वेगळे सांगायला नको.

दुसरे उदाहरण ओझोन थराचे आहे. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारात रेफ्रिजरेटर, एअर कंडिशनर आणि फवाऱ्याच्या डब्यांत वापरली जाणारी घातक रसायने टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरले. भारत सुरुवातीला त्यात सामील झाला नाही. थराचे नुकसान मुख्यतः श्रीमंत देशांनी केले असताना कारखाने बदलण्याचा खर्च आम्ही का सोसावा, असा भारताचा आणि चीनचा सवाल होता. तो रास्त होता आणि तो मान्यही झाला. १९९० मध्ये लंडन येथे करारात दुरुस्ती होऊन विकसनशील देशांच्या खर्चासाठी स्वतंत्र निधी स्थापन करण्याचे ठरले, त्यानंतर १९९२ मध्ये भारत करारात सहभागी झाला. आज जगातील प्रत्येक देश त्या कराराचा भाग आहे आणि ओझोनचा थर हळूहळू भरून येत आहे.

येथे तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या. काय बंद करायचे आणि कधी, हे नेमके ठरलेले होते. पर्यायी रसायने उपलब्ध होती. आणि ज्याच्याकडे पैसा नव्हता त्याला तो मिळण्याची व्यवस्था करारातच होती. शाश्वत विकास ध्येयांच्या बाबतीत पहिली गोष्ट बऱ्याच अंशी आहे, दुसरी अनेक क्षेत्रांत आहे, तिसरी मात्र नाही. माझ्या समजुतीप्रमाणे ध्येये रखडण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे, आणि म्हणून पुढचा प्रश्न पैशाचा येतो.

यासाठी पैसा किती लागतो आणि तो कोण देतो?

विकसनशील देशांना ही ध्येये गाठण्यासाठी दर वर्षी सुमारे ४ लाख कोटी डॉलर कमी पडतात, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. हा आकडा डोळे फिरवणारा वाटतो, पण त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहावा: २०२४ मध्ये जगाने लष्करावर सुमारे २.७ लाख कोटी डॉलर खर्च केले.

श्रीमंत देशांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के रक्कम विकास साहाय्यासाठी द्यावी, असा ठराव आमसभेने १९७० मध्ये केला. सतराव्या ध्येयाच्या दुसऱ्या लक्ष्यात त्याच वचनाचा पुनरुच्चार आहे. २०२४ मध्ये या देशांनी मिळून सुमारे २१,२०० कोटी डॉलर दिले, जे त्यांच्या एकूण उत्पन्नाच्या ०.३३ टक्के होते आणि आदल्या वर्षीपेक्षा ७ टक्क्यांनी कमी होते. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क आणि लक्झेंबर्ग या चारच देशांनी त्या वर्षी ०.७ टक्क्यांची रेषा ओलांडली. अर्ध्या शतकाहून जुने वचन आजही निम्म्याच्या आतबाहेर रेंगाळत आहे, याबद्दल सौम्य शब्द वापरण्याचे मला कारण दिसत नाही.

केवळ साहाय्य वाढवूनही भागणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकास संस्थेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगातील ३४० कोटी लोक अशा देशांत राहतात, जेथे सरकार आरोग्यावर किंवा शिक्षणावर जेवढा खर्च करते त्याहून अधिक रक्कम कर्जाच्या व्याजापोटी भरते. एका हाताने साहाय्य घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने त्याहून अधिक व्याज द्यायचे, या चक्रात आफ्रिकेतील अनेक देश अडकलेले आहेत. २०१५ मध्ये आदिस अबाबा येथे आणि २०२५ मध्ये स्पेनमधील सेव्हिया येथे झालेल्या वित्तपुरवठा परिषदांमध्ये कर्जाच्या फेररचनेवर चर्चा झाली, पण सावकार देशांना आणि खासगी धनकोंना बांधून घेणारी यंत्रणा अजून उभी राहिलेली नाही.

इंदूरला परदेशातून पैसा मिळाला आहे का? ती मदत होती की कर्ज?

मिळाला आहे, आणि तो मुख्यतः कर्जाच्या रूपात होता. नर्मदेचे पाणी इंदूरला आणावे यासाठी १९७० मध्ये नागरिकांनी आंदोलन केले आणि १९७८ मध्ये पहिल्या टप्प्याचे पाणी शहरात पोहोचले. ही गोष्ट जुन्या इंदूरकरांना पाठ आहे. नर्मदेच्या तिसऱ्या टप्प्याला मात्र आशियाई विकास बँकेचे कर्ज होते. या बँकेने २००३ मध्ये भोपाळ, ग्वाल्हेर, इंदूर आणि जबलपूर या चार शहरांच्या पाणीपुरवठा व पर्यावरण सुधारणेच्या प्रकल्पासाठी कर्ज मंजूर केले होते. इंदूर मेट्रोसाठीही याच बँकेने आणि न्यू डेव्हलपमेंट बँकेने कर्ज दिले आहे. दुसरी बँक ब्राझील, रशिया, भारत, चीन आणि दक्षिण आफ्रिका या देशांनी मिळून स्थापन केली असून तिचे मुख्यालय शांघाय येथे आहे. ३१ मे २०२५ रोजी, म्हणजे देवी अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दी जयंतीच्या दिवशी, सुपर कॉरिडॉरवर मेट्रोचा पहिला टप्पा सुरू झाला, तेव्हा त्यामागे चीनसह पाच देशांच्या भांडवलाचा वाटा होता, हे फार थोड्या प्रवाशांना ठाऊक असेल.

अशा बँकांचे व्याज बाजारातील व्याजापेक्षा सहसा कमी असते आणि परतफेडीची मुदत लांब असते. त्याशिवाय प्रकल्पाची आखणी, निविदा आणि पुनर्वसन यांविषयीचे त्यांचे नियमही पाळावे लागतात. कर्ज डॉलरमध्ये असेल तर रुपया घसरल्यावर परतफेडीचा बोजा वाढतो आणि तो अखेर करांतून किंवा पाणीपट्टीतून भरला जातो. म्हणून परदेशी निधी आला अशी बातमी वाचताना हा निधी अनुदान आहे की कर्ज, कोणत्या चलनात आहे आणि परतफेड कोण करणार, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी.

इंदूर महानगरपालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये निराळी वाट धरली. जलूद येथे ६० मेगावॉटचा सौर ऊर्जा प्रकल्प उभारण्यासाठी तिने २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे थेट जनतेसाठी खुले केले आणि त्यांना जवळपास तिप्पट मागणी आली. जलूदहून सुमारे ७० किलोमीटर अंतरावरून आणि डोंगर चढवून नर्मदेचे पाणी शहरात येते. त्या पंपांची वीज हा महानगरपालिकेचा मोठा खर्च आहे. हे कर्ज रुपयांत आहे आणि धनको आपलेच लोक आहेत. सतराव्या ध्येयाचे पहिलेच लक्ष्य देशांतर्गत साधने उभी करण्याविषयी आहे, त्याचे हे चांगले उदाहरण मानता येईल.

सहकार्य म्हणजे आपण नेहमी घेणारेच का? इंदूरने जगाला काही दिले आहे का?

या प्रश्नाचे उत्तर देताना मला मनापासून आनंद होतो, कारण ज्या कंपोस्ट पद्धतीला आज जगभर इंदूर पद्धत म्हणतात, तिची हकीकत आपल्या शहरातही पुरेशी सांगितली जात नाही.

१९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड हे इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री या संस्थेचे प्रमुख होते. आज त्या जागी कृषी महाविद्यालय आहे. शेतातील काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली गोठ्यातील माती आणि राख यांचे थर रचून, ठरावीक काळाने ते उलथून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत तयार करण्याची पद्धत त्यांनी येथे बसवली. १९३१ मध्ये या कामावरचे जे पुस्तक प्रसिद्ध झाले, त्याचे सहलेखक यशवंत वाड हे संस्थेतील रसायनतज्ज्ञ होते. या पद्धतीमागे चीनमधील शेतकऱ्यांचा शतकानुशतकांचा अनुभव होता, हे हॉवर्ड यांनी स्वतः मान्य केले होते, आणि भारतातील शेतकऱ्यांकडून आपण किती शिकलो हेही त्यांनी लिहून ठेवले. पुढे ही पद्धत केनियातील कॉफीच्या आणि आसामातील चहाच्या मळ्यांपर्यंत गेली आणि जगातील सेंद्रिय शेतीच्या चळवळीचा एक पाया झाली. चिनी शेतकऱ्याचे ज्ञान, माळव्याची काळी माती, इंग्रज शास्त्रज्ञ आणि मराठी रसायनतज्ज्ञ यांच्या मेळातून जे घडले, त्याला ज्ञानाची देवाणघेवाण म्हणणे योग्य ठरेल, जरी ते साम्राज्याच्या काळात घडले असले तरी.

उलट दिशेचे उदाहरण सोयाबीनचे आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठ आणि जबलपूरचे जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठ यांच्या सहकार्याने मध्य प्रदेशात या पिकाच्या चाचण्या झाल्या. खरिपात पडीक राहणाऱ्या काळ्या जमिनीत ते चांगले आले, माळव्यातल्या शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा आला आणि इंदूर सोयाबीनच्या व्यापाराचे केंद्र झाले. त्याचबरोबर ज्वारी आणि कडधान्ये मागे पडली आणि एकाच पिकाच्या भावावर हजारो गावांचा संसार अवलंबून राहिला. बाहेरून आलेल्या ज्ञानाचा फायदा-तोटा तीस-चाळीस वर्षांनी कसा दिसेल, याचा विचार करारावर सही करताना व्हायला हवा.

अलीकडच्या काळातही इंदूर या चर्चेच्या ठिकाणी राहिले आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये, सुमित्राताई महाजन लोकसभेच्या अध्यक्ष असताना, दक्षिण आशियातील संसदांच्या सभापतींची शाश्वत विकास ध्येयांवरची परिषद येथे झाली आणि तिने इंदूर जाहीरनामा स्वीकारला. एप्रिल २०१८ मध्ये आशिया-पॅसिफिक प्रदेशातील शहरांचे महापौर आणि तज्ज्ञ कचरा कमी करणे, पुन्हा वापरणे आणि त्याचे पुनर्चक्रीकरण करणे या विषयावर येथे जमले होते. २०२३ मध्ये जी-२० गटाच्या कृषी कार्यगटाची बैठक आणि कामगार मंत्र्यांची परिषदही इंदूरला झाली. परिषदा भरवणे म्हणजे काम करणे नव्हे, हे खरे. तरीही कचरा वेगळा करण्याची घरोघरची शिस्त प्रत्यक्ष पाहण्यासाठी इतर शहरांचे अधिकारी इंदूरला येतात, तेव्हा त्यांना दाखवण्यासारखे येथे काही असते.

आपल्याकडे इतकी गरिबी असताना भारत दुसऱ्या देशांना पैसा का देतो?

भारत हे १९६४ पासून करत आला आहे. त्या वर्षी सुरू झालेल्या तांत्रिक आणि आर्थिक सहकार्य कार्यक्रमातून आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतील अधिकारी व तंत्रज्ञ भारतात प्रशिक्षण घेतात. २०१७ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांबरोबर विकास भागीदारी निधी सुरू केला, ज्यातून मुख्यतः लहान बेटांच्या आणि अतिगरीब देशांतील प्रकल्पांना पैसा मिळतो. फ्रान्सबरोबर २०१५ मध्ये सुरू केलेल्या आंतरराष्ट्रीय सौर आघाडीचे मुख्यालय हरियाणातील गुरुग्राम येथे आहे.

यात मुत्सद्देगिरीचा हिशेब असतो, हे नाकारण्याचे कारण नाही. पण साथीचे रोग, हवामान आणि अन्नधान्याचे भाव देशांच्या सीमा पाहून थांबत नाहीत, त्यामुळे शेजारचा देश सावरलेला असणे ही आपलीही गरज असते. अहिल्याबाईंनी काशीपासून सोमनाथपर्यंत घाट, विहिरी, धर्मशाळा आणि मंदिरे बांधली. त्यांपैकी बहुतेक ठिकाणे होळकरांच्या राज्याबाहेर होती. आपल्या हद्दीबाहेरच्या माणसासाठी खर्च करणे हे इंदूरला नवे नाही.

आपल्या कान्ह नदीचा आंतरराष्ट्रीय सहकार्याशी काय संबंध?

कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळून वाहणारी कान्ह उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते, क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला आणि यमुना प्रयागराजला गंगेला मिळते. गंगा फराक्क्याच्या पुढे बांगलादेशात शिरते आणि पद्मा म्हणून समुद्राकडे जाते. इंदूर अशा प्रकारे एका आंतरराष्ट्रीय नदीखोऱ्याच्या वरच्या टोकाला वसलेले आहे. सहाव्या ध्येयाचे पाचवे लक्ष्य सांगते की पाण्याचे व्यवस्थापन खोऱ्याचा एकत्रित विचार करून आणि गरज असेल तेथे सीमेपलीकडच्या देशाच्या सहकार्याने व्हावे. भारत आणि बांगलादेश यांच्यातील गंगा पाणीवाटपाचा करार १२ डिसेंबर १९९६ रोजी तीस वर्षांसाठी झाला, त्याची मुदत डिसेंबर २०२६ मध्ये संपते. तो करार जानेवारी ते मे या कोरड्या महिन्यांत फराक्क्याला येणारे पाणी वाटण्याविषयी आहे. पाण्याच्या गुणवत्तेचा आणि वरच्या उपनद्यांचा विचार त्यात फारसा नाही.

इंदूरचे सांडपाणी जसेच्या तसे बांगलादेशात पोहोचते, असा याचा अर्थ नाही, कारण वाटेत अंतर प्रचंड आहे आणि मोठी धरणे आहेत. परंतु उज्जैनला मात्र ते पोहोचते. सिंहस्थातील स्नानासाठी कान्हचे पाणी बंद मार्गाने उज्जैनला वळसा घालून पुढे सोडण्याची योजना हाती घेण्यात आली आहे. एका शहरापासून घाण दूर नेऊन पुढच्या गावाच्या पदरात टाकणे हा उपाय मला पुरेसा वाटत नाही. पाणी उगमाच्या शहरातच शुद्ध व्हायला हवे. वरच्या गावाने खालच्या गावाचा विचार करणे हीच गोष्ट दोन देशांमध्ये झाली की तिला करार म्हणतात.

पाणथळ जागांच्या बाबतीत चित्र अधिक आशादायक आहे. सिरपूर तलाव आणि यशवंत सागर यांना २०२२ मध्ये रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा म्हणून मान्यता मिळाली, आणि जानेवारी २०२५ मध्ये इंदूर व उदयपूर ही त्या कराराची पाणथळ शहर ही मान्यता मिळवणारी भारतातील पहिली दोन शहरे ठरली.

इंदूर स्वच्छतेत सलग पहिले आले आहे. मग आपण ध्येये गाठली असे म्हणावे का?

म्हणता येणार नाही. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात मिळालेले स्थान खरे आहे आणि त्यामागे सफाई मित्रांचे कष्ट आहेत. देवगुराडिया येथील ५५० टन क्षमतेचा बायो-सीएनजी प्रकल्प, जो १९ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरू झाला, तो घरातच ओला कचरा वेगळा झाल्याशिवाय चालूच शकला नसता. पण क्रमवारी इतर शहरांशी तुलना करते आणि ध्येये एका ठरलेल्या मापाशी तुलना करतात. सहाव्या ध्येयाच्या मापात पिण्याचे पाणी घराच्या आवारात, गरज असेल तेव्हा आणि दूषितपणापासून मुक्त असे मिळाले पाहिजे. शहराच्या अनेक भागांत नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते. हवेच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेने सूक्ष्म धूलिकणांची वार्षिक मर्यादा प्रति घनमीटर ५ मायक्रोग्रॅम ठेवली आहे, तर भारताचे मानक ४० आहे. देशातील शहरांत पहिला क्रमांक मिळवूनही संघटनेच्या मर्यादेपासून शहर दूर असू शकते, आणि इंदूर तसे आहे.

प्रगती कोण मोजतो? त्या आकड्यांवर विश्वास ठेवावा का?

देशपातळीवर सांख्यिकी आणि कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालय राष्ट्रीय निर्देशकांची चौकट सांभाळते आणि नीती आयोग राज्यांचा निर्देशांक काढतो. त्या निर्देशांकात देशाचे एकत्रित गुण २०१८ मध्ये ५७ होते, ते २०२३-२४ मध्ये ७१ झाले. दुसरीकडे, एका आंतरराष्ट्रीय संशोधन जाळ्याच्या २०२५ च्या अहवालात १६७ देशांमध्ये भारत ९९ वा आहे. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात, कारण निर्देशक आणि मोजण्याची रीत वेगळी आहे. गुण पाहण्याऐवजी एखादा एकच निर्देशक, उदाहरणार्थ पाच वर्षांखालील बालकांमधील खुंटलेली वाढ, वर्षानुवर्षे पाहिला तर अधिक कळते.

शहरपातळीवर स्वयंस्फूर्त स्थानिक आढावा नावाची पद्धत न्यूयॉर्कने २०१८ मध्ये सुरू केली. संयुक्त राष्ट्रांच्या वस्ती कार्यक्रमाच्या साहाय्याने असा आढावा तयार करणारे भारतातील पहिले शहर भोपाळ आहे. इंदूरनेही तो तयार करावा आणि त्यात यशाबरोबर उणिवाही प्रामाणिकपणे लिहाव्यात, अशी माझी ठाम मागणी आहे.

अमेरिकेने या ध्येयांना विरोध केला आहे, त्याचा परिणाम काय?

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने आमसभेत ही ध्येये नाकारत असल्याचे जाहीर केले आणि १ जुलै २०२५ पासून तिची विकास साहाय्य संस्था बंद झाली. याचा सर्वाधिक फटका आफ्रिकेतील एचआयव्ही, हिवताप आणि अन्न साहाय्याच्या कार्यक्रमांना बसला. भारताच्या अर्थसंकल्पात अशा साहाय्याचा वाटा नगण्य असल्यामुळे आपल्याला तो फारसा जाणवला नाही, पण काही स्वयंसेवी संस्थांचे काम थांबले.

२०३० पर्यंत ही ध्येये साध्य होतील का? आणि नंतर काय?

सर्व ध्येये साध्य होणार नाहीत, हे आता स्पष्ट आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२५ च्या अहवालानुसार ज्यांची माहिती उपलब्ध आहे, अशा लक्ष्यांपैकी ३५ टक्के लक्ष्यांची प्रगती समाधानकारक किंवा मध्यम आहे, जवळपास निम्मी फार मंद गतीने चालली आहेत आणि १८ टक्के तर २०१५ च्याही मागे गेली आहेत. दुसरीकडे जगातील ९२ टक्के लोकांपर्यंत वीज पोहोचली आहे आणि २०१० च्या तुलनेत एचआयव्हीची नवीन लागण सुमारे ४० टक्क्यांनी घटली आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये स्वीकारलेल्या भविष्यविषयक करारानुसार २०३० नंतरच्या वाटचालीचा विचार २०२७ च्या शिखर बैठकीत सुरू होणार आहे.

मी इंदूरचा सामान्य नागरिक आहे. मी नेमके काय करू शकतो?

आपल्या वॉर्डापासून सुरुवात करावी. शहरात ८५ वॉर्ड आहेत आणि प्रत्येक पार्षदाला काही साधे प्रश्न लेखी विचारता येतात. आपल्या वॉर्डातील पाण्याचे नमुने शेवटचे कधी तपासले गेले आणि निष्कर्ष काय आले? सांडपाण्याची वाहिनी कोणत्या शुद्धीकरण केंद्राला जोडली आहे आणि ते केंद्र पूर्ण क्षमतेने चालते का? परदेशी कर्जातून झालेल्या कामाची परतफेड कोणत्या वर्षापर्यंत आहे? उत्तर न मिळाल्यास २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यान्वये अर्ज करावा. तक्रार असेल तर इंदूर ३११ अॅप आणि १८१ क्रमांकाची सी. एम. हेल्पलाइन उपलब्ध आहे.

आशियाई विकास बँकेच्या प्रकल्पांची कागदपत्रे, त्यांत पर्यावरणाचे आणि पुनर्वसनाचे अहवाल आले, बँकेच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात, आणि प्रकल्पामुळे नुकसान झालेल्या लोकांना थेट बँकेकडे तक्रार करण्याची सोय आहे. ती कागदपत्रे इंग्रजीत असतात. ज्यांना इंग्रजी सहज वाचता येते अशा तरुणांनी आपल्या भागातील एखाद्या प्रकल्पाचा अहवाल वाचून त्याचा सारांश मराठीत आणि हिंदीत करून शेजाऱ्यांना द्यावा. त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही आणि वॉर्डाच्या पुढच्या बैठकीपूर्वी हे काम पूर्ण करता येते.